बंदुकीच्या शेजारी दुर्बीण

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारतीच आठवतात. त्याच नावाच्या राज्यात, शहरापासून मोटारीनं चार-पाच तास वायव्येला गेलं, की इमारती मागे पडतात आणि द्राक्षमळे, गोठे आणि लांबच लांब सरोवरं लागतात. नकाशावर ती हाताच्या बोटांसारखी दिसतात, म्हणून नाव फिंगर लेक्स. एकूण अकरा. हिमनद्यांनी जुन्या दऱ्या खरवडून खोल केल्या आणि त्यांत पाणी साठलं. त्यातलं सगळ्यात लांब केयूगा. लांबी सुमारे ६१ किलोमीटर, सरासरी रुंदी तीन किलोमीटरच्या आत आणि खोली मात्र काही ठिकाणी १३० मीटरच्या वर. दक्षिण टोकाला इथाका हे विद्यापीठाचं गाव. माझी भाची तिथे नोकरी करते आणि 'मावशी, ये तर उन्हाळ्यातच ये' असा तिचा आग्रह होता. मी हट्टानं डिसेंबर-जानेवारी गाठला, कारण मला बदकं बघायची होती.

मी निफाड तालुक्यातली. नांदूर मधमेश्वरचं पाणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि निफाडच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात छापून येते म्हणून आम्हाला तिचा थोडा माजही आहे. इथाकाच्या पहिल्याच पहाटे तो उतरला. उणे बारा. तिथेही द्राक्षं पिकतात, पण हिवाळ्यात वेलीचा कलम केलेला भाग मातीची भर घालून झाकून ठेवावा लागतो, नाहीतर तो गारठून मरतो. आमच्याकडचा बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, एवढंच मला माहीत होतं.

अशा थंडीत पक्षी राहतात ते सरोवराच्या खोलीमुळे. उन्हाळाभर तापलेलं एवढं पाणी निवायला फार वेळ लागतो. टोकांचा उथळ भाग गोठतो, मधला पट्टा बहुतेक हिवाळ्यात उघडाच राहतो. खालच्या थरातलं पाणी बारा महिने चार अंशांच्या आसपास असतं. इथाकाच्याच कॉर्नेल विद्यापीठानं २००० सालापासून त्याचा उपयोग करून घेतलाय. खोलातलं गार पाणी वर आणून इमारतींच्या वातानुकूलनाला गारवा द्यायचा आणि पाणी परत सरोवरात सोडायचं. बदकांचा हिशेब याहून सोपा. कॅनडातली आणि उत्तरेकडच्या माळांवरची तळी गोठली, की उघडं पाणी आणि खाणं जिथे मिळेल तिथे थांबायचं.

थांबतात ती मुख्यतः बुड्या मारणारी. थापट्या, तलवार बदक, गडवाल ही मात्र शेपूट वर करून उथळ पाण्यात चरणारी मंडळी. नांदूरला येतात त्याच जाती इथेही आहेत, पण त्यांतली बहुतेक गोठण्याआधीच आणखी दक्षिणेला सरकतात. मागे उरतात रेडहेड आणि कॅनव्हासबॅक, म्हणजे आपल्या लालसरीची चुलत भावंडं. शिवाय स्कॉप, गोल्डनआय, मुठीएवढं दिसणारं बफलहेड, करवतीसारख्या चोचीचं मर्गान्सर. रेडहेडचे थवे इथे हजारांनी बसतात. लांबून पाण्यावर काळी सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. टेलिस्कोप लावला की सतरंजीतून तांबूस डोकी सुटी होतात, आणि मग तासभर हलवत नाही.

आणि याच दिवसांत बंदुका वाजतात.

अमेरिकेत रानबदकांची शिकार कायदेशीर आहे, हे मी वाचलेलं होतं. पण भल्या पहाटे, सूर्य उगवायला अर्धा तास असताना, जणू कुणी घंटा दिल्यासारखे तीन बाजूंनी बार निघाले तेव्हा हातातला थर्मास हिंदकळला. घंटाच ती. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त, एवढीच वेळ. वेळापत्रक छापील मिळतं आणि मिनिटाचं असतं. भाचीच्या शेजारच्या बाई मला मायर्स पार्कला घेऊन आल्या होत्या. सॅमन क्रीक नावाचा ओढा सरोवराला मिळतो तिथे गाळाचं एक नाक पुढे आलंय, त्यावर लॅन्सिंग गावचं हे उद्यान आणि बोटी पाण्यात सोडायचा उतार. बाई निवृत्त शिक्षिका, वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. गाडीची काच खाली न करता म्हणाल्या, "ते तिकडे, आपण इकडे. मी त्यांच्याशी भांडत नाही आणि बोलतही नाही."

'तिकडे' म्हणजे काठापासून दूर पाण्यात एक बोट होती, वाळक्या गवतानं पूर्ण मढवलेली. तिच्यापुढे पन्नास-साठ बदकं अगदी निवांत. बाईंनी टेलिस्कोप माझ्याकडे वळवला आणि काही न सांगता वाट पाहत राहिल्या. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, हे ठीक, खरी बदकंही तशीच बसतात. पण पाच मिनिटं झाली तरी एकानंही बुडी मारली नाही की पंख झटकले नाहीत. लाट आली की सगळी एकाच लयीत डुलत होती. फसवी बदकं. इथल्या पक्षिनिरीक्षकाची पहिली परीक्षा यांच्यावरच होते, आणि पक्षिगणनेच्या तक्त्यात ती घुसू नयेत म्हणून जुनी माणसं नव्यांना आधी तीच दाखवतात.

नऊच्या सुमारास बोट उताराला लागली. बाई गाडीतच बसल्या. मी उतरून गेले. परदेशी, साडीवर जाडजूड कोट घातलेली, गळ्यात दुर्बीण. माझ्याशी कुणी भांडेल असं मला वाटत नव्हतं. बोटीत दोन माणसं आणि एक तपकिरी लॅब्रॅडोर. कुत्र्याच्या अंगात रबरी जाकीट, मिशांवर बर्फाचे मणी. फसवी बदकं एका लांब दोरीला ओवलेली होती. माणूस दोरी ओढत होता, एकेक बदक खटखट वाजत बोटीत पडत होतं. थोरला माणूस पेशानं इलेक्ट्रिशियन. आजोबांपासून याच काठावर शिकार चालत आलीय, असं म्हणाला.

त्यानं मारलेला कॅनव्हासबॅक नर दाखवला. हातात घेऊ का, असं मीच विचारलं. टेलिस्कोपमधून त्याची पाठ नुसती पांढरी दिसते. जवळून पाहिलं तर पांढऱ्या पिसावर शाईनं काढल्यासारख्या बारीक करड्या लाटा, एका पिसाला एक नक्षी. कपाळापासून चोचीपर्यंत सरळ उतार, डोळा लालबुंद आणि अजून ओला. पाय अंगाच्या मानानं मोठे आणि पार मागे, त्यामुळे पाण्याखाली रेटा बसतो आणि जमिनीवर चालताना फेंगाडं दिसतं. मागच्या बोटाला कातडीची छोटी झालर होती. ही झालर बुड्या मारणाऱ्या बदकांना असते, चरणाऱ्यांना नसते. पुस्तकात मी ती कैक वर्षं वाचत आलेय आणि जिवंत पक्ष्यावर एकदाही पाहिलेली नाही. अंग अजून कोमट होतं. मला वाईट वाटत होतं आणि मी बोट फिरवून ती झालर परत परत बघत होते. दोन्ही एकदम चाललं होतं.

"आज आणखी नाही मारणार?" मी विचारलं.

"या जातीचं नाही. कोटा आहे."

दिवसाला एका माणसानं सहा बदकं. त्यातही जातवार मर्यादा आणि कॅनव्हासबॅकची फार कमी, कधी एक तर कधी दोन. हंगाम साठ दिवसांचा, तोही तुकडे पाडून. राज्याचे पाच विभाग आणि प्रत्येकाच्या तारखा निराळ्या. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं राहतील अशी खुंटी बसवलेली असावी लागते. दाणे टाकून पक्षी गोळा करायचे नाहीत आणि जिवंत बदकं आमिष म्हणून बांधायची नाहीत. ही दोन्ही बंधनं १९३५ ची. शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद, कारण तळाशी पडलेले छर्रे दाणे समजून बदकं गिळत, आणि तशी विषबाधा झालेली बदकं खाऊन गरुडही मरत. आता पोलादाचे छर्रे वापरतात. आणि मारलेलं रानबदक विकता येत नाही, स्वतः खायचं किंवा द्यायचं. यातला कुठलाही नियम मोडला तर दंड बसतो आणि परवानाही जाऊ शकतो.

या मर्यादांमुळे शिकाऱ्याला पक्षी ओळखावा लागतो आणि तोही गोळी झाडायच्या आधी, अर्ध्या उजेडात, अंगावरून ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगानं जाताना. आम्ही दुर्बीणवाले रंग बघतो, पंखावरचा पट्टा बघतो, पुस्तक उघडतो. हा माणूस पंखांची लय बघत होता. बोलता बोलता वरून एक जोडी गेली. मी दुर्बीण उचलेपर्यंत तो "गोल्डनआय" म्हणून मोकळा झाला. मग म्हणाला, "ऐका." पंखांची शीळ ऐकू येत होती. गोल्डनआयचे पंख शीळ घालतात हेही पुस्तकात आहे.

त्याच्या खिशात एक छापील पाकीट होतं. दरवर्षी काही शिकाऱ्यांना सरकार अशी पाकिटं पाठवतं. मारलेल्या बदकाचा एक पंख त्यात घालून टपालानं धाडायचा. तज्ज्ञ पंखावरून जात, वय आणि नर-मादी ठरवतात, आणि त्या वर्षी पिल्लं किती जगली याचा अंदाज बांधतात. पायात कडी सापडली तर तिचा क्रमांक कळवायचा. बदकांच्या स्थलांतराबद्दल अमेरिकेला जे माहीत आहे, त्यातलं बरंच काही मेलेल्या बदकांच्या पायातून आलेलं आहे.

कायदा इथवर सुखासुखी आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात बदकं बाजारात विकण्यासाठी मारली जात आणि कॅनव्हासबॅक हा तर बड्या हॉटेलांतला मानाचा पदार्थ. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानं तो बाजार बंद पाडला. मग १९३० च्या दशकात अवर्षण पडलं, पाणथळी आटल्या आणि बदकांची संख्या कोसळली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वन्यजीव खात्याच्या प्रमुखपदी कोणाला बसवावं? एका व्यंगचित्रकाराला. जे. एन. ऊर्फ 'डिंग' डार्लिंग, पुलित्झर मिळवलेला, आणि सरकारवर सडकून टीका करणारा. १९३४ मध्ये शिकाऱ्यांनी विकत घ्यायच्या, टपाल तिकिटासारख्या तिकिटाचा कायदा झाला आणि पहिल्या तिकिटावरचं चित्रही डार्लिंगनंच काढलं, पाण्यावर उतरणारी मॅलार्डची जोडी. किंमत एक डॉलर. आता ती पंचवीस आहे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं. डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात किंवा भाडेपट्ट्यानं राखण्यात जातात, आणि आजवर साठ लाख एकरांहून जास्त जागा या पैशातून राखली गेलीय. शिवाय १९३७ चा एक कायदा आहे. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा त्यानं वन्यजीवांकडे वळवला. लांब नळीच्या बंदुकीवर आणि काडतुसांवर आज हा कर ११ टक्के आहे.

दुर्बिणीवर असा कर नाही. पक्ष्यांना घालायच्या दाण्यांवरही नाही. हे त्या इलेक्ट्रिशियननं मला अगदी हसत हसत सांगितलं, आणि खोटं काहीच नव्हतं.

या तिकिटाचा पैसा काय करतो हे बघायचं तर सरोवराच्या उत्तर टोकाला जावं. तिथे मॉन्टेझुमा अभयारण्य आहे. एकेकाळी मैलोगणती पसरलेली ही दलदल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्याचं काम झालं तेव्हा जवळपास आटली. मग १९३८ मध्ये केंद्र सरकारनं अभयारण्य केलं आणि बंधारे घालून पाणी पुन्हा अडवलं. १९७६ मध्ये इथे गरुडाची पिल्लं आणून, मनोऱ्यावर वाढवून सोडायला सुरुवात झाली. आज बर्फावर बसलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड रस्त्यावरूनही दिसतो, आणि रस्ता म्हणजे साधासुधा नाही. आठवड्याचे सातही दिवस ट्रक धावणारा नव्वद क्रमांकाचा महामार्ग अभयारण्याला चिकटून जातो. गाडीनं फिरायची आतली वाट बर्फामुळे बंद असते, म्हणून हिवाळ्यात काठाकाठानंच बघावं लागतं. मार्चमध्ये हिमहंसांचे थवे उत्तरेला निघतात तेव्हा इथे खरी गर्दी. आणि अभयारण्य असूनही ठरावीक भागात, ठरावीक वारी, आगाऊ नोंदणी करून बदकांची शिकार चालते. आपल्याकडे 'अभयारण्य' या पाटीखाली हे वाचायला मिळालं तर मोर्चा निघेल.

१९३८ हे साल मला आधीपासून पाठ होतं, ते भरतपूरमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पाहुणचारात भरतपूरच्या तळ्यावर एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा दगडावर कोरून ठेवलाय, आजही वाचता येतो. एका देशात साहेबाच्या विक्रमासाठी बंदुका तापत होत्या त्या वर्षी दुसऱ्या देशात इलेक्ट्रिशियन-सुतारांच्या तिकिटावर दलदल विकत घ्यायचं धोरण चालू झालेलं होतं. पुढे आपण १९७२ च्या कायद्यानं वेगळा रस्ता धरला, आणि अखेर शिकारच बंद केली. भरतपूर १९८५ मध्ये जागतिक वारसा झालं, नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मला आपलाच रस्ता पटतो. पण आपल्याकडे गावतळं बुजवून प्लॉट पाडतात तेव्हा तळ्याच्या बाजूनं ज्याच्या खिशातले पैसे गुंतलेत असा कोण उभा राहतो, याचं उत्तर मात्र मला सापडत नाही.

शेजारच्या बाईंना हे सगळं माहीत होतं, आणि तरी त्यांचं म्हणणं अजिबात बदललेलं नव्हतं. पंखात छर्रा घुसून उडता न येणारं बदक त्यांनी काठावर कुडकुडत मरताना पाहिलंय, आणि ते कुठल्याच कोट्यात मोजलं जात नाही. थंडीत प्रत्येक उड्डाणाला चरबी जळते, आणि बार झाला की एक नाही, सगळा थवा उठतो. "पैसे भरले म्हणून काठ विकत मिळत नाही," हे त्यांचं वाक्य. यातलं दुसरं कारण तर डोळ्यांनी दिसतं. बंदुका वाजणाऱ्या पट्ट्यातून बदकं हळूहळू सरकतात आणि जिथे बार होत नाही तिथे दाटी करतात. रात्री चरतात आणि दिवसा सुरक्षित जागी झोपतात. इथाकाच्या स्ट्युअर्ट पार्कसमोरची ती हजारोंची सतरंजी अशीच तयार होते. म्हणजे उद्यानातल्या बाकावर बसून, कॉफी पीत, पन्नास पावलांवर रेडहेड बघण्याची जी चैन आम्हाला मिळते, तिच्यात बंदुकीचा वाटा आहे.

अंतराचा नियमही चमत्कारिक आहे. न्यूयॉर्कमध्ये घरापासून पाचशे फुटांच्या आत बंदूक चालवता येत नाही. पाण्यावरच्या बदकशिकाऱ्याला मात्र सूट आहे. नळीच्या दिशेनं पाचशे फुटांत घर किंवा माणूस नसलं की झालं. तेव्हा सरोवराकाठी लाखो डॉलरचं घर घेतलेल्या माणसाच्या खिडकीपुढे पहाटे बार निघू शकतो आणि पोलिसाला काही करता येत नाही. भांडणं बहुतेक यावरूनच होतात. आमच्यासारख्यांना रिवाज एवढाच सांगतात, की हंगामात दलदलीकाठी फिरायचं तर केशरी जाकीट घालावं आणि बोटीतल्या बंदुकीच्या नळीपुढे जाऊन उभं राहू नये. पाहुण्यांना तर बाई सरळ दुपारची वेळ सुचवतात.

स्ट्युअर्ट पार्कच्या झाडीला लुई अगासी फ्युएर्टेसचं नाव आहे. इथाकात १८७४ मध्ये जन्मलेला हा पक्षिचित्रकार १९२७ मध्ये मोटारीला आगगाडीची धडक बसून गेला. त्याची चित्रं जिवंत वाटतात ती त्यानं स्वतः मारलेले पक्षी हातात घेऊन रंगवली म्हणून. आपले सलीम अलीही पक्ष्यांकडे वळले ते एअरगननं पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत १९०८ मध्ये ती कोणती जात हे विचारायला गेलेल्या त्या मुलापुढे मिलर्ड साहेबांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडले. पक्षिनिरीक्षणाच्या या घराण्याची पणजी बंदूकच आहे.

नाताळची पक्षिगणनाही त्यातलीच. पूर्वी अमेरिकेत नाताळला दोन गट पाडून दिसेल तो पक्षी-प्राणी मारायचा आणि ढीग मोठा कोणाचा ते बघायचं, असा खेळ होता. १९०० मध्ये फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी पंचवीस ठिकाणी सत्तावीस माणसं होती. आता दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात, चोवीस किलोमीटर व्यासाच्या वर्तुळांत, हजारो माणसं मोजतात. अशा मोजण्यांवर उभा राहिलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्याचा म्होरक्या इथल्याच कॉर्नेलच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेतला. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले. माळावरचे निम्म्याहून अधिक गेले. वाढलेल्या मोजक्या गटांत बदकं-हंस होते, सुमारे ५६ टक्क्यांनी वाढलेले. माळावरच्या चिमण्यांची कोणी शिकार करत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणी तिकीटही काढत नाही. अर्थात बदकांचंही सुख कायमचं नाही. २०१७ पासून तीही घटत असल्याचं २०२५ च्या अहवालात आलंय.

इथाकाची गणना एक जानेवारीला. बाईंच्या वाट्याला पूर्व काठ, त्यांच्या गाडीत मी लिहायला. मायर्सला पोचलो तेव्हा तीच गवताची बोट उताराला लागत होती. मी खाली उतरले. उत्तरेकडे काही वेगळं दिसलं का, असं इलेक्ट्रिशियनला विचारलं. दोन लाँग-टेल्ड बदकं, म्हणाला, मधल्या खोल पाण्यात, पांढरा वीज-मनोरा समोर येतो त्याच्या जरा डावीकडे. मी येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी वहीवर हात ठेवला. "लिहू नका. ऐकीव चालत नाही." मग क्षणभरानं, "पाहिली म्हणाला की मारली?"

"पाहिली."

"मग काढा टेलिस्कोप."